संतांचा सण मरणाच्या दिवशी का, आणि ईस्टरची तारीख पळते कुठं?

मागच्या अंकात मी ख्रिस्ती धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियरवर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. कराड, विटा, मिरज, वाई, तासगाव, सगळीकडून. सगळ्यांना इथं जागा नाही पुरणार, पण जे प्रश्न दोघातिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलेत ते घेते.

प्रश्न (कराड): ताई, माझी मुलगी कॉन्व्हेंटमध्ये आहे. 3 डिसेंबरला शाळेत सेंट झेवियरचा कार्यक्रम होता, गाणी, डान्स, खाऊ सगळं. मला वाटलं त्यांचा वाढदिवस असेल, तर पोरगी म्हणते मम्मी ते त्या दिवशी वारले. मग एवढा आनंद कसला?

उत्तर: पोरगी बरोबर सांगते. झेवियर 3 डिसेंबर 1552 ला वारले, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान नावाच्या बेटावर, वय 46. आत चीनमध्ये नेणारी होडी येईल म्हणून वाट बघत होते, ती आलीच नाही, तापानं आजारी पडले आणि एका झोपडीत गेले. जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी सोबती होता तेवढाच. आज गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचं शरीर बघायला एवढी रांग लागते त्या माणसाच्या शेवटच्या क्षणी उशाशी बसायला एकच जण होता, हे आठवलं की मला दरवेळी कसंतरी होतं.

आता आनंद का? तर चर्चच्या जुन्या लॅटिन भाषेत संताच्या मरणाच्या दिवसाला ‘जन्मदिवस’च म्हणतात, म्हणजे स्वर्गातला जन्म. इथला वाढदिवस चर्च सहसा धरत नाही, कारण जन्माला आला तेव्हा कुणाला माहीत असतं तो पुढं कसा निघणार? ही गोष्ट साताऱ्याच्या माणसाला समजावून सांगायची गरजच पडू नये. सज्जनगडावर दासनवमीला लोक पायऱ्या चढून जातात ते समर्थ गेले त्या तिथीला, आणि गोंदवल्याला महाराजांच्या पुण्यतिथीला पहाटे गुलाल उधळतात, तिथं कोण विचारतं का की पुण्यतिथीला गुलाल कसा? तसंच हे.

अपवाद आहेत, मोजकेच. नाताळ म्हणजे येशूचा जन्म, 8 सप्टेंबरला मरियामातेचा आणि 24 जूनला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. योहानाचा मरणदिवस पण पाळतात, 29 ऑगस्टला.

आणि कधीकधी तारीख सरकते सुद्धा. वसईचे गोन्सालो गार्सिया, भारतात जन्मलेले पहिले संत, यांना जपानात नागासाकीच्या टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 ला आणखी 25 जणांबरोबर क्रुसावर मारलं. पण सण 6 फेब्रुवारीला, कारण 5 तारखेला संत आगाथाची जागा आधीच ठरलेली. शतकानुशतकं तिची असलेली तारीख घ्यायची नाही म्हणून या सव्वीस जणांना एक दिवस पुढं बसवलं, मला हे फार आवडतं.

प्रश्न (विटा): नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरला ठरलेला, मग गुड फ्रायडे आणि ईस्टर कधी मार्चमध्ये कधी एप्रिलच्या शेवटी असं का? आमच्या ऑफिसात सुट्ट्यांचं गणित कुणालाच लागत नाही.

उत्तर: कारण नाताळ सूर्यावर चालतो आणि ईस्टर चंद्रावर. येशूला क्रुसावर दिलं ते यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत, आणि वल्हांडण पौर्णिमेला असतो. म्हणून नियम असा की 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा रविवार. म्हणजे लवकरात लवकर 22 मार्च आणि उशिरात उशिरा 25 एप्रिल. ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी करायचा हे 325 मध्ये निसियाच्या धर्मसभेत ठरलं, तोवर गावोगाव वेगवेगळं चालायचं.

माझ्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्याला दोन कॅलेंडरं आहेत, वर कालनिर्णय आणि खाली चर्चचं, ज्यात प्रत्येक तारखेला बारीक रंगीत चौकोन असतो. तुमचं पत्र आल्यावर मी दोन्ही टेबलावर पसरून, कपाटातली जुनी पण काढून, बसले. 2026 ला हनुमान जयंती गुरुवारी 2 एप्रिलला, लगेच 3 ला गुड फ्रायडे आणि 5 ला ईस्टर. 2025 ला हनुमान जयंती शनिवारी 12 एप्रिलला होती, मग ईस्टर 13 ला का नव्हता तर चर्च पौर्णिमा स्वतःच्या ठरलेल्या तक्त्यावरून धरतं आणि त्यात ती रविवारी 13 लाच पडली म्हणून सण 20 ला गेला. आणि 2024 ला गंमत बघा, 25 मार्चला आपलं धूलिवंदन आणि 31 मार्चला ईस्टर, म्हणजे त्यावर्षी होळीचीच पौर्णिमा धरली गेली, चैत्राची नाही. आपल्याकडं अधिक महिना घालून जे सांभाळतात ते तिथं 21 मार्चची रेघ मारून सांभाळलंय. तेव्हा ऑफिसात सांगा, होळी 21 मार्चच्या आधी गेली तर हनुमान जयंतीच्या आसपास गुड फ्रायडे शोधा, होळीच उशिरा असली तर होळीनंतर लगेच.

एकदा ईस्टर ठरला की बाकीचं त्याच्या मागंपुढं हलतं. 46 दिवस आधी भस्म बुधवार, तिथून प्रायश्चित्तकाळ. दिवस मोजले तर 46 भरतात पण उपवास 40 च म्हणतात कारण रविवार उपवासात धरत नाहीत. त्या बुधवारी कपाळाला जी राख लावतात ती कुठली, माहितीय का? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, झावळी घरोघर क्रुसामागं खोचलेली असते, ती वाळून पिवळी पडते, मग ती गोळा करून जाळतात. माझी आई ती झावळी काढताना पदरानं धूळ पुसायची आणि मगच पिशवीत ठेवायची, जाळायलाच चाललीय तरी.

हे 21 मार्च, म्हणजे दिवस-रात्र सारखी होण्याची वेळ, सांभाळण्यासाठीच पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 मध्ये कॅलेंडर दुरुस्त केलं. जुन्या कॅलेंडरचं वर्ष खऱ्यापेक्षा साधारण 11 मिनिटांनी मोठं होतं, ती मिनिटं साठत साठत दहा दिवसांचा फरक पडला होता. मग 4 ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट 15 ऑक्टोबरचा शुक्रवार केला, मधले दिवस झालेच नाहीत. आणि नेमकी त्याच रात्री स्पेनमध्ये आविलाची संत तेरेसा वारली! 4 ला रात्री गेली म्हणा नाहीतर 15 ला, मध्ये एक रात्रच. 4 ऑक्टोबर आधीच असिसीच्या फ्रान्सिसचा, म्हणून तिचा सण 15 ला.

प्रश्न (सांगली): आमच्या टेम्पोत वडिलांनी लावलेला सेंट ख्रिस्तोफरचा बिल्ला आहे. आम्ही ख्रिश्चन नाही, पण गोव्याच्या मित्रानं दिलेला म्हणून ठेवला. आता एकजण म्हणाला चर्चनं त्याला संतपदावरून काढलं. बिल्ला काढू का?

उत्तर: नका काढू दादा. संतपदावरून कुणी काढलेलं नाही. झालं असं की 1969 मध्ये पोप सहावे पॉल यांनी संतांचं कॅलेंडर सुटसुटीत केलं, फार गर्दी झाली होती, ज्यांच्या आयुष्याची पक्की माहिती थोडी अशा बऱ्याच जणांचे सण जगभरच्या सामायिक यादीतून कमी केले. ख्रिस्तोफरचा 25 जुलै त्यात गेला. पण शहिदांच्या अधिकृत यादीत नाव आहे, आणि जिथं त्याचा सण करायची परंपरा आहे तिथं तो आजही होतो. लहान मुलाला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा धिप्पाड माणूस, आणि मध्यावर गेल्यावर ते मूल एवढं जड होतं की पाय रुतायला लागतात, कारण तो बाळ येशू असतो, अशी त्याची कथा. वडिलांनी लावलाय, राहू द्या.

प्रश्न (मिरज): आम्ही प्रोटेस्टंट, वॉनलेस हॉस्पिटलच्या बाजूला वाढलो. कॅथलिक लोक संतांची पूजा करतात हे आम्हाला पटत नाही. स्पष्ट सांगाल का?

उत्तर: स्पष्टच सांगते, आराधना फक्त देवाची. संतांकडं आम्ही मागतो ते एवढंच की माझ्यासाठी देवाकडं शब्द टाका, जसं तुम्ही चर्चमधून निघताना एखाद्या म्हाताऱ्या मावशींना म्हणता, माझ्यासाठी प्रार्थना करा. कधी मिस्साला, म्हणजे आमच्या चर्चमधल्या उपासनेला, आलात तर शब्द नीट ऐका, देवाला ‘दया कर’ म्हणतात, संतांना ‘आमच्यासाठी विनंती कर’. पुतळ्यापुढं मेणबत्त्या बघून बाहेरच्याला वेगळं वाटतं हे मला मान्य आहे, आणि आमच्यातल्याही काहीजणांचा इथं घोटाळा होतो.

प्रश्न (वाई): फादरांच्या झग्याचा रंग बदलतो तो कशावरून?

उत्तर: दिवसावरून. आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) आणि प्रायश्चित्तकाळात जांभळा, नाताळ-ईस्टरला पांढरा, शहिदांच्या सणाला, गुड फ्रायडेला आणि पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला तो सण) लाल, बाकी साधारण दिवसांत हिरवा. वर्षातून दोनच रविवार गुलाबी असतो. माझ्या कॅलेंडरवरचे चौकोन तेच. आणि हो, चर्चचं हे वर्ष जानेवारीत नाही, नाताळच्या चार रविवार आधी सुरू होतं.

प्रश्न (तासगाव): सगळे संत फादर, सिस्टर, राजे नाहीतर शहीदच का? आमच्यासारखा कुणी शेतकरी नाही का त्यात?

उत्तर: आहे की! इसिद्रो. स्पेनमधल्या माद्रिदजवळचा, आणि स्वतःचं रान असलेला पण नाही, दुसऱ्याच्या रानात राबणारा शेतगडी. बायको मारिया, तीही तशीच कष्टाची. बाकीच्या गड्यांनी मालकाचे कान भरले की हा सकाळी मिस्साला जातो आणि कामाला उशिरा येतो. मालक लपून बघायला गेला तर इसिद्रो प्रार्थना करतोय आणि रानात देवदूत औत धरून चाललेत, अशी कथा. जनाबाईंच्या जात्याला हात लावणारा विठोबा ज्यांना माहितीय त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. 12 मार्च 1622 ला रोममध्ये पाच जणांना एकाच दिवशी संत जाहीर केलं, त्यात झेवियर, त्यांचे गुरू इग्नेशियस, वर सांगितलेली तेरेसा, फिलिप नेरी, आणि त्यांच्याच ओळीत हा गडी. माद्रिदमध्ये त्याचा सण 15 मेला असतो, म्हणजे तुमच्याकडं द्राक्षबागेची खरड छाटणी उरकून माणसं पावसाकडं डोळे लावून बसलेली असतात तेव्हा.