कंपाउंड धनुष्याचा बाण कागद डावीकडेच फाडतो आणि रेस्ट सरकवूनही फरक पडत नाही. दोष कुठे शोधावा?

तुम्ही लिहिले आहे की परदेशातून परतलेल्या नातेवाइकाकडून शिकारीसाठी बनवलेले ७० पौंड ताणाचे कंपाउंड (टोकांना चाके असलेले) धनुष्य घेतले, कागदातून बाण मारला की शेपटाची फाट डावीकडे जाते (सरळ उडालेला बाण गोल भोक पाडतो), रेस्ट म्हणजे बाण टेकवायचा आधार इकडून तिकडे सरकवून तुम्ही थकलात आणि मैदानावरची जाणती मंडळी ‘तुमचा हात वळतो’ असे सांगून मोकळी होतात. हे शेवटचे वाक्य वाचले नसते तर मी कदाचित उत्तर लिहायला बसलोच नसतो. रेस्ट मूळ जागेवर आणून ठेवा आणि तूर्त तिला हात लावू नका. रेस्ट ही शेवटी हलवायची वस्तू आहे. आपल्याकडे ती सर्वांत आधी हलवली जाते, कारण तिच्यासाठी एक ॲलन की पुरते आणि बो प्रेस (धनुष्य दाबून दोऱ्या सैल करणारे यंत्र) लागत नाही.

मी सातारच्या एमआयडीसीत फिटर म्हणून उमेदीची वर्षे काढली आहेत. यंत्र आवाज करू लागले की आधी मोजमाप घ्यायचे आणि मग पाना उचलायचा, अशी आमच्या खात्याची शिस्त होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आमच्या सातारच्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी कंपाउंडचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले, आणि त्याच दिवशी साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेनेही पुरुषांचे जिंकले, तेव्हा इथल्या अनेक घरांत कंपाउंड धनुष्ये आली. त्यांतली बरीच वापरलेली, आणि काही तर मुळात शिकारीसाठी बनवलेली, लांबीने आखूड व किमतीला परवडणारी होती. माझ्या पुतणीसाठी घेतलेले धनुष्यही तसेच होते. मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याने ‘ट्यून करून दिले आहे’ असे सांगून ते दिले होते.

तिचा बाण कागद वर आणि डावीकडे, असा तिरपा फाडत असे. आमच्या ओळखीचे एक ज्येष्ठ तिरंदाज रोज मैदानावर येत. त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला की पोरगी मूठ आवळते, मनगट फिरवते, आणि मुलींच्या हातात तेवढी ताकद नसते. विक्रेत्याला फोन केला तर त्यानेही तेच सांगितले. मग त्या मुलीने मूठ सैल केली, बोटे मोकळी सोडली, हातमोजा घालून पाहिला, तळहातावर पेनने रेघ आखून तीच रेघ रोज ग्रिपच्या कडेला लावली. फाट होती तिथेच राहिली. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “काका, मी हात वळवत नाही. तुम्ही मोजून तरी बघा.” फिटरच्या पुतणीने फिटरला दुसरे काय सांगावे?

मी अँगलच्या चौकटीला हाताने फिरवायचा विंच लावून एक ड्रॉ बोर्ड (धनुष्य सावकाश ताणून पाहायची चौकट) तयार केला. धनुष्य त्यावर अडकवून स्ट्रिंग सावकाश पूर्ण ताणावर नेली आणि दोन्ही कॅमकडे, म्हणजे टोकांच्या चाकांकडे, पाहिले. वरच्या कॅमचा स्टॉप (ताण थांबवणारा खुंट) केबलला, म्हणजे कॅमना जोडलेल्या दुसऱ्या दोरीला, टेकला होता, आणि त्याच क्षणी खालच्या कॅमचा स्टॉप आणि केबल यांच्यातल्या फटीत तीन मिलिमीटरचे ड्रिल सहज बसत होते. म्हणजे दोन कॅम एकाच वेळी आपल्या जागी पोहोचत नव्हते. स्ट्रिंग सुटताना नॉक (बाणाची मागची खाच) सरळ पुढे न जाता वरखाली होत जात होता, आणि कागद वर फाटत होता तो त्यामुळे. मग ताण काढून वरच्या कॅमच्या सपाट बाजूला एक सरळ बाण टेकवला. तो स्ट्रिंगला जवळपास समांतर धावायला हवा होता, पण नॉकिंग पॉइंटपर्यंत (स्ट्रिंगवर बाण लावायच्या जागेपर्यंत) पोहोचण्याआधीच तो स्ट्रिंग ओलांडून पलीकडे गेला. कॅम कलला होता. डावीकडची फाट त्या कलामुळे होती, आणि रेस्ट सरकवून कॅमचा कल जात नाही.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. स्ट्रिंग नवी होती आणि केबल जुन्याच होत्या. वरच्या लिंबला (धनुष्याच्या बाहूला) जाणाऱ्या केबलची जी दोन टोके ॲक्सलच्या (कॅमच्या आसाच्या) दोन्ही बाजूंना अडकतात, त्यांतल्या एकाची सर्व्हिंग (वरून गुंडाळलेला धागा) घसरून ते टोक लांबले होते. या धाग्यांत डायनीमा हा कृत्रिम तंतू असतो, आणि तो सतत ताणाखाली व उष्णतेत हळूहळू लांबतो. एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत धनुष्य ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. पुण्यात एकाकडे प्रेस होता. तिथे नव्या केबल घातल्या, कॅम एकत्र पोहोचतील इतके पीळ दिले, आणि त्या दोन टोकांत अर्धा अर्धा पीळ कमीजास्त करून कल काढला. दुसऱ्या दिवशी मैदानावर कागदात एक गोल भोक पडले आणि त्याभोवती पिसांच्या तीन बारीक चिरा. मुलीचा हात, मूठ आणि मनगट आदल्या दिवशी होते तेच होते. ते ज्येष्ठ गृहस्थ मात्र कागद हातात घेऊन म्हणाले, “बघा, हात सुधारला.” मी त्यांना ड्रिल दाखवले, जुनी केबल दाखवली, पण त्यांनी ते मान्य केले नाही आणि आजही करत नाहीत.

आता तुमच्या धनुष्याविषयी. लिंबवर चिकटवलेल्या लेबलवर बहुधा स्ट्रिंगची आणि केबलची लांबी छापलेली असते, आणि दोन ॲक्सलमधले अंतर व ब्रेस हाइट (न ताणता ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचे अंतर) उत्पादकाच्या तक्त्यात मिळते. ही दोन मापे आधी घ्या. ती जुळत नसतील तर केबल किंवा स्ट्रिंग लांबली आहे असे समजा आणि पुढे काहीही करू नका. लिंब बोल्ट (ताण कमीजास्त करणारे बोल्ट) दोन्हीकडे सारखे फिरलेले आहेत की नाही हे नजरेने ठरवू नये. दोन्ही पूर्ण आवळावेत आणि मग मोजून सारखे सोडावेत, तेही उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेतच. त्यानंतर कॅम दोन्ही एकत्र पोहोचतात का आणि कललेले आहेत का, ते पाहावे. सर्वच धनुष्यांत कल काढण्यासाठी दुपदरी टोकाची केबल नसते. अनेक नव्या धनुष्यांत कॅमच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या बदलून तो सरळ करावा लागतो, म्हणून आपल्या धनुष्याची रचना पाहिल्याशिवाय माझे अनुकरण करू नका.

हे सगळे ठीक निघाले तर संशय बाणावर जातो, आणि तुमच्या बाबतीत मला तो बराच आहे. बाणाचे स्पाइन (ताठपणाचा आकडा) तुम्ही लिहिलेले नाही, पण आपल्याकडे क्लबात ५०० स्पाइनचे बाण सहज हाती येतात आणि ते ७० पौंडांच्या धनुष्याला फार मऊ पडतात. हा आकडा म्हणजे २८ इंचांवर आधार दिलेल्या शाफ्टच्या (बाणाच्या दांडीच्या) मध्यावर सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगले असता तो इंचाचा किती हजारांश वाकतो ते माप. ५०० चा शाफ्ट अर्धा इंच वाकतो. तुमच्या ताणाला साधारण ३४० किंवा त्याहून ताठ शाफ्ट लागेल. खात्री करण्यासाठी दोन्ही लिंब बोल्ट सारखे एक-दोन फेरे सोडा आणि पुन्हा कागदातून मारा. डावी फाट कमी झाली तर बाणच मऊ आहे. पिसे रेस्टला किंवा केबलला घासतात का, हे पाहायला पिसांवर टाल्कम पावडर लावून एक बाण मारावा. जिथे पावडर पुसली जाते तिथे घर्षण आहे. ड्रॉप-अवे रेस्टची (बाण सुटताना आपोआप खाली पडणाऱ्या रेस्टची) दोरी सैल होऊन ती उशिरा पडू लागली तरी असेच होते.

हे सर्व झाल्यावर रेस्ट. उजव्या हाताने ताणणाऱ्याची फाट डावीकडे असेल तर रेस्ट उजवीकडे, एका वेळी मिलिमीटरपेक्षा कमी. रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या भागापासून) बाणाच्या मध्यापर्यंतचे अंतर बहुतेक धनुष्यांत २० मिलिमीटरच्या आसपास असते. रेस्ट त्यापासून फार दूर सरकवावी लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे आणि तुम्ही तो झाकत आहात.

हात कधीच दोषी नसतो, असे माझे म्हणणे नाही. ग्रिपवर मूठ फिरली किंवा ताणलेली स्ट्रिंग गालावर दाबली गेली की फाट डावी-उजवी होतेच. पण ते ठरवण्याची साधी रीत आहे: तेवढीच ड्रॉ लांबी असलेल्या दुसऱ्या तिरंदाजाला तेच धनुष्य आणि तेच बाण द्यावेत. फाट बदलली तर हात, नाही बदलली तर धनुष्य. ही चाचणी न घेता शिकणाऱ्याच्या, विशेषतः मुलीच्या, हाताला नाव ठेवणारा माणूस कितीही वर्षे मैदानावर येत असला तरी मी त्याला जाणता म्हणणार नाही. कंपाउंडमध्ये ५० मीटरवर दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटरचे असते, आणि अदितीने बर्लिनच्या अंतिम फेरीत पंधरा बाणांत १४९ गुण घेतले. इतक्या नेमक्या खेळात तीन मिलिमीटरची फट मुलांच्या माथी मारणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. प्रेसशिवाय केबल किंवा स्ट्रिंग काढू नका, आणि ड्रॉ बोर्डवर ताणलेल्या धनुष्यासमोर चेहरा नेऊ नका. बाण न लावता स्ट्रिंग कधीही सोडू नका. जुने धनुष्य असल्याने लिंबवरून कापसाचा बोळा फिरवून पाहा, तो कुठे अडकला तर तिथे तडा असू शकतो आणि ते धनुष्य ताणू नये. स्पर्धेत कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे, त्यामुळे तुमचे ७० पौंडांचे लिंब तिथपर्यंत उतरतात का तेही पाहावे लागेल. धनुष्यासोबत शिकारीची पात्यांची टोके आली असतील तर ती बाजूला ठेवा: अमेरिकेत शिकारी लोक ती टोके आणि सरावाची टोके एकाच जागी लागतात का हे पाहून शेवटचे ट्यूनिंग करतात, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि मैदानावरचे बट (लक्ष्यामागच्या गाद्या) त्या पात्यांनी चिरून जातात. तुम्हाला सरावाच्या टोकाचा बाण कागदातून सरळ गेला की पुरे आहे.