काळ्या बाहुलीवर रुसलीस?

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे सातही व्हॉइस मेसेज ऐकले. तिसऱ्यापर्यंत तू नुसती चिडली होतीस, पाचव्यात आवाज ओला झाला आणि सातव्यात ‘यापुढे एकही अवॉर्ड शो बघणार नाही’ अशी शपथ घेऊन मोकळी झालीस. ही शपथ मी आजवर वीसेक वेळा घेतली आहे. मार्च आला की सोमवारी पहाटे साडेपाचला गजर लावून ऑस्करसमोर बसतो, आणि मामीची झोप न मोडता चहा कसा करायचा याची तयारी आदल्या रात्रीच करून ठेवतो. तेव्हा शपथ मागे घे, फुकट वाया जाईल.

तुझा राग कळतो. अहमदाबादेत ऑक्टोबर 2025 च्या फिल्मफेअरमध्ये ‘लापता लेडीज’नं एकट्यानं 13 काळ्या बाहुल्या, म्हणजे फिल्मफेअरच्या ट्रॉफ्या, उचलल्या आणि तुझा लाडका सिनेमा कोरडाच परतला. पण याच ‘लापता लेडीज’ची वर्षभर आधीची गोष्ट आठव. सप्टेंबर 2024 मध्ये फिल्म फेडरेशनच्या समितीनं तो भारतातर्फे ऑस्करला पाठवला. समितीत 13 जण होते, तेराही पुरुष. हरवलेल्या बायकांचा सिनेमा त्यांनी शोधला! त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री हा मोठा पुरस्कार जिंकून आलेला पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ मागे राहिला. तो भारतात घडणारा युरोपीय सिनेमा वाटतो, असं काहीसं समितीचं म्हणणं छापून आलं होतं. त्यातली पार्वती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी जाते. युरोपच्या नकाशात रत्नागिरी मी अजून शोधतोय. आणि ती पार्वती कोण? छाया कदम. ‘लापता लेडीज’मधली चहावाली मंजूमाई कोण? त्याही छाया कदमच. म्हणजे निवडलेला आणि नाकारलेला, दोन्हीकडे आपली बाई हजर!

पुढे ‘लापता लेडीज’ ऑस्करच्या नामांकनांआधीच्या 15 सिनेमांच्या यादीतसुद्धा आला नाही. हिंदीतला एक सिनेमा मात्र त्या यादीत होता, संध्या सुरींचा ‘संतोष’. तो पाठवला होता ब्रिटननं. आता सांग, यावर रडायचं की हसायचं? मी दोन दिवस हसत होतो.

असं हसणं मला जमायला वेळ लागला. ‘श्वास’ आला तेव्हा तू रांगत होतीस. 1954 मध्ये पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर इतक्या वर्षांनी पुन्हा एक मराठी सिनेमा देशात पहिला आला होता. मग तो ऑस्करला निघाला. तिकडे नुसता सिनेमा पाठवून भागत नाही. खेळ लावावे लागतात, जाहिराती द्याव्या लागतात, मतदारांपर्यंत पोचावं लागतं. निर्मात्यांकडे तेवढा पैसा नव्हता, म्हणून लोकांनी मदत केली, अगदी शाळकरी पोरांनीही. आमच्या कट्ट्यावर डबा फिरला, मीही त्यात शंभराची नोट टाकली आणि महिनाभर लॉस एंजेलिसचा भागीदार असल्यासारखा वावरलो. जानेवारी 2005 मध्ये नामांकनं आली. ‘श्वास’ नव्हता. रात्री उशिरापर्यंत आम्ही परदेशी परीक्षकांचा उद्धार केला. निघताना लक्षात आलं की आमच्यातल्या चौघांनी ‘श्वास’ पाहिलेलाच नाही.

तेव्हा मला वाटायचं, निदान तिकडचे परीक्षक तरी सगळं पाहून मत देत असतील. कसलं काय! अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित सिनेमे पाहिलेले असलेच पाहिजेत, हा नियम ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीनं सगळ्या विभागांना सरसकट लावला तो 2025 मध्ये. पहिलं ऑस्कर 1929 चं. एवढी वर्षं गेली मग नियम सुचायला. आमचे ते चौघे किती काळाच्या पुढे होते बघ.

म्हणून माझं ऐक, आणि एक वही कर. फोनमधली यादी नको, खरी वही. सिनेमा पाहिलास की त्याच रात्री दोन ओळी लिही आणि पुरस्कार जाहीर होण्याआधी आपले विजेते ठरवून तारीख टाक. विभाग आपले आपण काढायचे. माझ्या वहीत ‘सर्वोत्कृष्ट पाऊस’ आहे (तो पायलच्या मुंबईला दिला), ‘मध्यंतरात वडा आणायला उठावंसं वाटलं नाही’ असा एक आहे, आणि ‘सर्वोत्कृष्ट आई’ आहे. तो यंदा रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’मधल्या आईला. मुलगा बापाच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी येतो, त्याच्याबद्दल सगळं जाणून असलेली ती आई. हा सिनेमा जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात पहिला आला. सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला तेव्हा माझ्या खेळाला माझ्यासह अकरा माणसं होती. मी मोजली. बारावं माणूस तू असायला हवी होतीस. सात व्हॉइस मेसेज करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात निम्मा सिनेमा झाला असता, हे जरा टोचून सांगतो.

सोहळे बघ, पण लग्नाला जातो तसे बघ. सगळे विधी बघायचे नसतात. नाचगाणी चालू असताना भांडी घासून घ्यावीत, आणि भाषणं आली की यावं. हॉलिवूडचा नट जो पेशी यानं 1991 मध्ये दोन छोट्या वाक्यांत ऑस्करचे आभार मानले आणि गेला. 2025 मध्ये एड्रियन ब्रॉडी पाच मिनिटांहून जास्त बोलला, संगीत सुरू केलं तर तेही थांबवायला लावलं. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमांत वाढलेल्या आपल्याला पाच मिनिटांचं काय! आपल्याकडे एवढ्यात व्यासपीठावरच्यांची नावंही वाचून होत नाहीत. आणि दिल्लीत 71 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘नाळ 2’मधली ती चिमुरडी साडी नेसून राष्ट्रपतींकडे गेली, ते पुन्हा पुन्हा बघ. तिला कुणाचं काय हुकलं याचा पत्ता नव्हता.

बाहुलीचं पुढे काय होतं, तेही सांगतो. कोल्हापूरच्या भानू अथैया भारतातल्या पहिल्या ऑस्करविजेत्या, ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी, 1983. आपल्यामागे हे नीट कोण सांभाळणार, या काळजीनं 2012 मध्ये त्यांनी ते अकॅडमीकडेच परत दिलं. पुतळा तिकडे गेला. पण ‘गांधी’ लागला की मी गोष्ट सोडून खादीच्या सुरकुत्या बघत बसतो.

यंदा माझ्या वहीत पहिला कोण, हे मात्र फोनवर विचारू नकोस. तू आधी तुझी वही भर. रविवारी ये, दोघं एकदम उघडू. ज्याचे अंदाज जास्त चुकतील त्यानं मिसळ द्यायची, आणि तुझी मामी परीक्षक आहे. तिनं यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही.

तुझा,
मामा