साडेनऊचा फोन

पत्र:

मावशी, मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. मेकॅनिकल करून मार्चअखेर जर्मनीला मास्टर्ससाठी आलो. घरी सगळ्यांना वाटतं पोरगं मजेत आहे. मालिका संपली की रात्री साडेनऊला आईचा रोज व्हिडिओ कॉल येतो. शेजारी आत्या, काकू, कधी वरच्या मजल्यावरच्या वहिनी. मी खोलीतली बरी बाजू दाखवतो. खरं म्हणजे जुलैत एका विषयात नापास झालोय. जर्मन कच्चं आहे, त्यामुळं पार्टटाइम काम मिळत नाही. पण ऑगस्टमध्ये पप्पांना सांगून बसलोय की काम लागलं, पुढच्या वर्षाचं माझं मी बघतो. पप्पा यंदाच रिटायर झाले. फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. फोडणीच्या वासाबद्दल एकानं फ्रिजवर चिठ्ठी लावली, तेव्हापासून दही-भात आणि घरची कांदा-लसूण चटणी, तेही खोलीत बसून. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. पेठेच्या टीमकडून लेफ्ट विंगला खेळायचो, इथं बॉलला पाय लागलेला नाही. डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न, सगळे ये म्हणतायत. खरं सांगावं तर आईला बीपीचा त्रास. सगळं सोडून परत येऊ का?

उत्तर:

बाळा, तुझ्या पत्रात पाच-सहा गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. त्यातल्या एकीला तारीख आहे, ती आधी घेऊ.

जाताना तू व्हिसासाठीच्या ब्लॉक खात्यात, म्हणजे ज्यातून महिन्याला ठरावीकच रक्कम हाती येते त्या खात्यात, ११,९०४ युरो ठेवले असणार, महिन्याला ९९२ प्रमाणं वर्षाचे. मार्चअखेर गेलास म्हणजे मार्चमध्ये ते संपणार. राहण्याचा परवाना वाढवायला गेलास की पुढचं वर्ष कशावर काढणार, हे तिथलं कार्यालय पुन्हा विचारणार. तेव्हा ‘काम लागलंय’ म्हणून चालत नाही, कागद लागतो. आणि इकडं पप्पा निर्धास्त आहेत. रिटायरमेंटचे पैसे हातात आलेला माणूस ते फार दिवस नुसते ठेवत नाही. एफडी करतो, वरच्या मजल्याचा स्लॅब टाकतो, नाहीतर पुतणीच्या लग्नाला हात सैल सोडतो. ते पैसे एकदा कुठं अडकले, की फेब्रुवारीत तू खरं सांगूनही उपयोग नाही. म्हणून पप्पांना याच महिन्यात सांग.

आईमार्फत सांगू नकोस. आपल्याकडं पोरं पैशाची गोष्ट आईच्या पदराआडून काढतात, मग ती बिचारी दोन्हीकडून बोलणी खाते. आणि तिच्या बीपीचं म्हणशील, तर बीपीची गोळी ती रोज घेते. पोरगं हडकलंय आणि काही बोलत नाही, हे तिला त्या स्क्रीनवर दिसत नसेल असं वाटतं तुला?

पप्पा संध्याकाळी फिरायला जात असतील. रंकाळ्यावर म्हण, नाहीतर आणखी कुठं. आपल्याकडं सहा वाजतात तेव्हा सध्या तुझ्याकडं दुपारचा दीड असतो. त्या वेळी साधा फोन लाव, व्हिडिओ नको. सुरुवातीला हवापाणी नको. ‘पप्पा, काम लागलंय म्हणालो होतो, ते लागलेलं नाही. एका विषयात नापास झालोय, फेब्रुवारीत परत बसतोय. खात्यात इतके शिल्लक आहेत, मार्चनंतर इतके कमी पडतील.’ आकडे कागदावर लिहून समोर ठेव. खोलीभाडं, आरोग्य विमा, सेमिस्टरची फी, खाणं. पप्पा चिडतील. चिडू देत, तू फोन ठेवू नकोस. नापास होण्यापेक्षा खोटं बोललास याचा त्यांना जास्त राग येईल, आणि तो रास्त आहे. तिथं स्वतःची बाजू मांडत बसू नकोस.

आता साडेनऊचा फोन. मला तर वाटतं तुझ्या निम्म्या एकटेपणाचं मूळ तिथं आहे. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं तासभर मागं गेली, आता आपल्यात साडेचार तासांचं अंतर आहे. म्हणजे आईचे साडेनऊ ते तुझे संध्याकाळचे पाच. बाहेर अंधार पडलेला, आणि बाकीची पोरं नेमकी तेव्हाच ग्रंथालयातून उठून कुणी व्यायामाला, कुणी भाषेच्या वर्गाला, कुणी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जायला निघालेली. तू मात्र दार लावून, कॅमेरा खिडकीकडं वळवून, ‘पॅरिसला जाऊन आलास का रे’ या आत्याच्या प्रश्नाला हसून उत्तर देत बसलेला. तासाभरानं फोन ठेवतोस तेव्हा घर मोकळं झालेलं असतं. हे रोजचंच.

तो फोन सकाळी घे. तुझ्या सातला इथं साडेअकरा वाजलेले असतात. सकाळची गडबड उरकलेली असते, आत्या-काकू आपापल्या घरी असतात, आई एकटी सापडते. दहा मिनिटं, तीही चहा पिता पिता. रविवारी मात्र भरपूर बोल. तिकडं रविवारी दुकानं बंद, माणसं घरात, दिवस खायला उठतो, तेव्हा तासभर आई हवीच. वेळ बदलली म्हणून ती आठवडाभर कुरकुरेल. ‘संध्याकाळी माझा जर्मनचा क्लास असतो’ म्हणून सांग, आणि क्लास खरोखर लाव, नाहीतर हे दुसरं खोटं व्हायचं.

क्लास लाव म्हणते कारण कामाचं घोडं तिथंच अडलंय. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२४ पासून तसा नियम आहे. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला दहा तास मिळाले तरी खाण्याची चिंता मिटते. कॅफेत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता यायला हवं. पण विद्यापीठातच प्रयोगशाळेत, प्रोफेसरांच्या हाताखाली विद्यार्थी-सहायक घेतात, पोरं त्याला ‘हिवी’ म्हणतात. मेकॅनिकलच्या विभागात इंग्रजीवर भागणाऱ्या अशा जागा असतात, आणि ते काम त्या १४० दिवसांत धरत नाहीत. तू आतापर्यंत पोर्टलवर अर्ज टाकले असशील. ज्या विषयात बरे गुण पडले, त्या प्रोफेसरांच्या भेटीच्या वेळेत समोर जाऊन विचार.

नापास झालास त्याचं मी फार मनावर घेत नाही. फक्त दोन गोष्टी बघ. परीक्षेला किती वेळा बसता येतं हे तुझ्या अभ्यासक्रमाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. आणि फेरपरीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागत असेल तर तिची मुदत चुकवू नकोस. इथं ऑफिसात ओळखीनं मागच्या तारखेत फॉर्म घेतात, तिथं ती आशा धरू नकोस.

फ्रिजवरची चिठ्ठी तुला फार लागली, ते कळलं. आपल्याकडं चिठ्ठी लिहिणं म्हणजे बोलणं तुटल्याची खूण. तिथं कचरा कुणी टाकायचा, भांडी कुणी घासायची, सगळं असंच लिहून चिकटवतात आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर बिअर पितात. तू चिठ्ठी वाचलीस आणि खोलीत शिरलास, म्हणजे तुझ्या बाजूनं तूच बोलणं तोडलंस. फोडणी टाकताना स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी पूर्ण उघडी टाक, नंतर दहा मिनिटं तशीच राहू दे. थंडीतही खिडक्या सताड उघडून घर हवेशीर करायची त्यांना सवयच असते, त्याला कुणी नावं ठेवणार नाही.

आणि एका रविवारी त्या दोघांना जेवायला घाल. तांबडा नको, पहिल्याच घासाला पाणी मागतील. पांढरा कर. चिकनचं आळणी पाणी, नारळाच्या दुधाचा डबा, आलं-लसूण, वाटलेले काजू आणि पांढरे तीळ, मिरी, खड्या मसाल्याची हलकी फोडणी. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळू नकोस, फुटेल. तिथल्या दुकानात खसखस दिसेल, पण ती निळसर-काळी असते, रस्सा राखेच्या रंगाचा होईल, तिच्या वाटेला जाऊ नकोस. (आईला खसखस पाठवूही देऊ नकोस. कुणी दुबईमार्गे येत असेल तर तिथं तिच्यावर बंदी आहे, माणूस अडकतो.) एरवी दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खानावळीत, जेव. विद्यार्थ्यांना स्वस्त पडतं, आणि दिवसातून एकदा तरी माणसांत बसून पोटभर जेवण होतं. दही-भातावर परीक्षा निघत नाही.

तुझ्या अख्ख्या पत्रात एकच ओळ ताठ मानेनं लिहिलेली आहे, लेफ्ट विंगची. शाहू स्टेडियमच्या गर्दीसमोर खेळलेला पोरगा तू, आणि फुटबॉलवेड्या देशात आठ महिने बूट न घालता बसलास! शाहू महाराजांनी १९०१ मध्ये पहिली बोर्डिंगं काढली तेव्हापासून आपलं गाव बाहेरच्या पोरांना सांभाळत आलंय, त्यामुळं नवं पोरगं दिसलं की तालमीतली माणसं स्वतः हाक मारतात, ही आपली सवय. तिथं अशी हाक येणार नाही. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात फुटबॉलचे गट असतात, नाव तूच नोंदवायचं. शिवाय लहानसहान गावातही क्लब असतो आणि त्याचा खालच्या दर्जाचा संघ असतो. सरावाच्या दिवशी मैदानावर जाऊन ‘खेळू का’ विचार. तेवढं जर्मन तुला येतंच, आणि उरलेलं तिथं शिव्या खाता खाता येईल.

झोपेचं मी हलक्यात घेत नाही. विद्यार्थ्यांसाठीची जी संस्था मेन्सा आणि वसतिगृहं चालवते, तिच्याकडं बहुतेक ठिकाणी समुपदेशकही असतात. सहसा पैसे लागत नाहीत, बोललेलं बाहेर जात नाही, इंग्रजीतही बोलता येतं. भेटीची वेळ उद्याच माग, कारण मिळायला दिवस लागतात. जीव नकोसा वाटण्यापर्यंत कधी गेलं तर मात्र वेळबिळ बघू नकोस, ११२ लाव आणि शेजारच्या खोलीचं दार वाजव.

परत यायचं का, हे आत्ता ठरवू नकोस. परत येण्यात कमीपणा काही नाही, पण झोप नाही, जेवण नाही आणि मनात लपवाछपवी, अशा अवस्थेत ठरवलेलं पुढं वर्षभर छळतं. फेब्रुवारीच्या परीक्षेचा निकाल हातात येऊ दे. तोपर्यंत पप्पांनाही आकडे कळलेले असतील. मग दोघं मिळून ठरवा.

लग्नाला येऊ नकोस. डिसेंबरातलं तिकीट तुला परवडणारं नाही, आणि मांडवात ‘पगार किती पडतो’ विचारणारे पन्नास जण असतील. बहिणीला आधी फोन कर, परीक्षा आहे म्हणून सांग. ते खरंच आहे. आत्या रुसेल. तिची समजूत तुझी आई काढेल, तेवढं तिच्यावर सोड.