एलएम३१७ चा सप्लाय ५ व्होल्टलाच का बंद पडतो?

९-०-९ ट्रान्सफॉर्मरच्या (मधल्या टॅपपासून दोन्ही टोकांना ९-९ व्होल्ट देणाऱ्या) दोन टोकांवरून १८ व्होल्ट घेऊन एलएम३१७ या व्होल्टेज हवे तेवढे स्थिर ठेवणाऱ्या आयसीवर केलेला आपला सप्लाय १५ व्होल्टला १ अँपिअर देतो आणि ५ व्होल्टला मात्र काही मिनिटांत बंद पडतो, याचे कारण बहुधा उष्णता हेच आहे. ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड) आणि कपॅसिटरनंतर सुमारे २४ व्होल्ट डीसी मिळतो. त्यातील ५ व्होल्ट बाहेर गेल्यावर उरलेले १९ व्होल्ट आयसीवरच पडत असल्याने १ अँपिअरला तिथे जवळपास १९ वॅट उष्णता निर्माण होते, आणि लहान हीटसिंकला ती झेपत नसल्यामुळे आयसी स्वतःच्या बचावासाठी प्रवाह तोडते.

मोठा हीटसिंक लावता येईल, परंतु माझ्या मते त्याहून सोपा उपाय आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्येच आहे. ६ व्होल्टपर्यंतच्या कामासाठी एका टोकाऐवजी मधला टॅप ब्रिजला जोडणारा स्विच बसवल्यास डीसी ११ व्होल्टांच्या आसपास येतो आणि उष्णता ६ वॅटवर उतरते. मात्र कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा आणि ट्रान्सफॉर्मर किमान २ अँपिअरचा हवा.

आयसीची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली असते, तेव्हा हीटसिंक धातूच्या पेटीला टेकत असल्यास अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश अवश्य घालावा.