चोवीस तासांची बाई ठेवावी का? माझं उत्तर

बाळंतपणानंतर मदतीला ब्युरोतून (म्हणजे कामाला बाया पुरवणाऱ्या एजन्सीतून) चोवीस तासांची बाई ठेवावी का, ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचं पुण्यातलं ते वर्ष आठवलं. आठवा महिना, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सासूबाईंना गावाहून निघता येत नाही, नवऱ्याला जेमतेम आठवडाभर रजा, आणि ब्युरोवाले म्हणतायत, "मॅडम, आजच बुकिंग करा, नंतर बाई मिळणार नाही." शब्दसुद्धा तुमच्या पोस्टमध्ये आहेत तेच! म्हणून लिहायला बसले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा यावर सांगणारे तुम्हाला ढीगभर भेटतील, ते सोडून देते.

आधी ब्युरोचं. (आम्हाला आलेला अनुभव सांगतेय, सगळे तसेच असतील असं नाही. नाव विचारू नका, लिहिणार नाही.) नोंदणी फी वेगळी आणि वर बाईंच्या एका महिन्याच्या पगाराएवढं कमिशन आगाऊ घेतलं. कागदावर बाई बदलून देण्याची हमी होती, पण बदली किती दिवसांत द्यायची हे कुठेच लिहिलं नव्हतं. पहिल्या बाई सणाला म्हणून गेल्या त्या गेल्याच. फोन केला की एकच उत्तर, "उद्या नक्की पाठवतो." माझं सिझेरियन, टाके ओढले जातायत, बाळ रडतंय आणि मी कानाला फोन लावून त्यांच्या रेकॉर्डवरची गाणी ऐकतेय. पैसे परत मागितले तर म्हणे रिफंड नसतो, फक्त रिप्लेसमेंट. अखेर दुसऱ्या बाई आल्या. त्या आजवर आजारी म्हाताऱ्यांकडे काम करत होत्या, तान्हं बाळ कधी हातात घेतलेलं नव्हतं. बिचाऱ्यांनी स्वतःच सांगितलं. तरी ब्युरोच्या हिशेबात एक बदली वापरून झाली!

त्यांच्याकडूनच कळलं की ब्युरो बाईच्या पहिल्या पगारातूनही पैसे कापतं. म्हणजे बाई एका घरी टिकली तर ब्युरोला पुढे काही मिळत नाही, नव्या घरी गेली की दोन्हीकडून कमाई. माझ्याकडे पुरावा नाही, पण बदलीची मुदत संपली की चांगली बाई नेमकी "गावाला" का जाते, याचं दुसरं कारण मला तरी सुचत नाही. तेव्हा राग बाईंवर काढू नका.

तरीही ब्युरोतूनच घ्यायची असेल तर कमिशन दोन हप्त्यांत द्या. बदली दोन दिवसांत आली नाही तर खाड्याचे पैसे परत, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. आणि बाईंना बाळंतपणाच्या आधीच चार दिवस कामावर बोलवा. "बाळाचं सगळं करते" यात दुपटी धुणं येतं का, तुमचं जेवण येतं का, हे तेव्हाच कळतं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर चोवीस तासांची बाई तुम्हाला नकोच आहे. (जुळी असतील किंवा रात्री घरात दुसरं कोणीच नसेल तर गोष्ट वेगळी.) अंगावर पाजायला रात्री उठायचं तुम्हालाच. कमी पडते ती दिवसाची झोप आणि वेळेवर गरम जेवण. आमचं गाडं रुळावर आलं ते मालिशवाल्या बाई सकाळी तासभर, नेहमीच्या कामवाल्या मावशींना जादा पैसे देऊन दुपारी थोडा वेळ, आणि पोळीभाजीचा डबा, एवढ्यावर. डबेवाल्या काकूंना सांगितलं तर कमी तिखट करून देतात, सांगावं मात्र लागतं.

मालिशवाल्या बाई आधी शोधा. आसपासच्या सगळ्या बाळंतिणींची घरं त्यांना माहीत असतात, बाकीची माणसं त्याच मिळवून देतात. फक्त त्यांचं सगळंच ऐकू नका. नाकाकानात तेल नाही, काजळ नाही, गुटी नाही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आणि बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्याची शेगडी तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइड साचतो, वासही येत नाही. वाद घालू नका, "डॉक्टर ओरडतात" म्हणायचं, विषय संपतो. (मी डॉक्टर नाही. टाके असताना मालिश कधी सुरू करायची ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.)

दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळ-बाळंतीण बघायचं, अशी सरकारी योजना आहे. आमच्या सोसायटीत आपणहून कोणी आलं नाही. जवळच्या मनपा दवाखान्यात आधीच चौकशी करा.

रडू फार येतं, पहिले काही दिवस बहुतेकींना येतं. पण दोन आठवडे उलटूनही तसंच असेल, झोप येत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर "होतं असं" म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका, डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. नवऱ्याच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.

आणि हो, नवऱ्याची रजा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात आणि ते बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत कधीही घेता येतात. खासगीत कायद्याने बाबाला काहीच नाही, कंपनी देईल ते. पण तीही सगळी दवाखान्यातच संपवू नका. तिथे नर्स असतात, भेटायला येणारे असतात, डबे येतात. खरी गरज पाहुणे पांगल्यावर लागते. रजा पुढे ढकलून घेता येईल का, हे एचआरला आताच मेल करून विचारायला सांगा, मॅनेजरच्या तोंडी "हो हो"वर राहू नका.