प्रीमियर लीगमध्ये (इंग्लंडची सर्वोच्च फुटबॉल लीग) ४० गुण झाले की क्लब खाली जाण्यापासून नक्की वाचतो का?
नाही, बहुतेकदा वाचतो, पण ४० गुणांचा असा काही नियम नाही. ३८ सामन्यांनंतर वीसपैकी तळाचे तीन क्लब खाली चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तराच्या लीगमध्ये जातात, गुण कितीही असोत. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण असूनही गेला, कारण त्याच्या वरच्या बोल्टनचे ४४ झाले होते. उलट २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉम ३४ गुणांवर तरला, तेही नाताळात अगदी तळाला असताना. त्यामुळे नजर सतराव्या क्रमांकावर ठेवा. फक्त गुणकपात झाली की सगळा हिशेब फिरतो: डिसेंबर १९९६ मध्ये खेळाडू आजारी आणि जखमी असल्याचं सांगून मिडल्सब्रो ब्लॅकबर्नविरुद्ध मैदानात उतरलाच नाही. ३ गुण कापले गेले, क्लब ३९ गुणांवर खाली गेला. कपात नसती तर ४२ झाले असते. आणि त्याच हंगामात सतराव्या क्रमांकावरचा कॉव्हेंट्री वाचला किती गुणांवर? ४१!