डेल्फ्टला शिकायला चाललेय, रोजच्या वापराला कुठली सायकल घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून ऑगस्टअखेर नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला एमएससीला चाललाय, उंची पाच फूट दोन इंच, दहावीनंतर सायकलला हात लावलेला नाही आणि बाबा म्हणतायत, इथूनच चांगली गिअरवाली घेऊन विमानात टाकू. मी पाचपाखाडीची. डेल्फ्टलाच शिकले, पुढे काही वर्षं तिथे नोकरी केली, आता परत ठाण्यात आहे. उंचीने तुमच्याहूनही इंचभर कमीच, त्यामुळे हे उत्तर बुटक्यांच्या बाजूने आहे असं समजा.

बाबांना प्रेमाने नाही म्हणा. सामानाच्या वजनात कुकर आणि भाजणी जाऊ द्या. आपल्याकडे दुकानात 'चांगली' म्हणून जी काढून दाखवतात ती जाड टायरची, पुढे सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, मागे सात गिअर. तिला मडगार्ड नसतो, कॅरिअर नसतो, चेनकव्हर नसतं, दिवे नसतात. रविवारी सकाळी येऊर चढायला ती झकास. तुम्हाला तिकडे नोव्हेंबरच्या पावसात, अंधारात, मागे भाजीची पिशवी लावून घरी यायचंय. म्हणजे जे नाही ते सगळं युरो मोजून बसवून घ्यायचं, आणि वर ती चकचकीत दिसते म्हणून चोराच्या डोळ्यांत भरणार.

सायकल ठरवायच्या आधी एक गोष्ट बघा, ती रात्री कुठे उभी राहणार. खोली पक्की झाली की घरमालकाला नाहीतर आधीच्या भाडेकरूला हेच विचारा. इमारतीत कुलूपबंद शेड असेल तर जरा बरी सायकल घ्यायला हरकत नाही. रस्त्यावर, कालव्याच्या कठड्याला बांधून ठेवायची असेल तर गेली तरी जेवण जाईल इतक्याच किमतीची घ्या. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि चोऱ्याही त्याच मानाने होतात. तिथली मुलं रंग उडालेल्या, कुरकुरणाऱ्या सायकली चालवतात ती परवडत नाही म्हणून नव्हे. त्यांचे प्राध्यापकही तशाच चालवतात.

बाहेरच ठेवायची असेल तर सरळ ओमाफीट्स घ्या. नावाने आजीबाईंची सायकल, चालवतात मात्र सगळे, सहा फुटी मुलगेसुद्धा. काळी, दांडी खाली वाकलेली, हँडल आपल्या दिशेने वळलेलं, पाठ ताठ ठेवून बसायचं. दूधवाल्याच्या काळ्या सायकलीची ही चुलत बहीण, दोघींचा पूर्वज जुनी इंग्लिश रोडस्टर. कित्येक ओमाफीट्सचं चाक अजूनही आपल्या त्याच २८ × १½ मापाचं असतं. चेन पूर्ण डब्यात बंद, म्हणून सलवारीला ग्रीस लागत नाही आणि पावसात चेन लवकर गंजत नाही. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी कोटगार्ड असतो. बाईकचा साडीगार्ड जे काम करतो तेच त्याचं. कॅरिअर दणकट. वजन मात्र अठरा-वीस किलो, ते उचलावं लागेल अशा घरात राहू नका. तिथले जिने आपल्या जुन्या चाळीच्या जिन्यांपेक्षाही उभे आणि अरुंद असतात, त्यावरून सायकल वर नेणं विसरा.

आता उंचीचं. डच माणसं जगातली सगळ्यात उंच, आणि जुन्या बाजारातल्या सायकली त्यांच्या मापाच्या. दुकानदार 'सीट खाली करून देतो' म्हणेल. सीट खाली करून लहान होत नाही ती फ्रेम. पायडल ज्यावर फिरतात त्या मधल्या कण्यापासून सीटच्या नळीच्या टोकापर्यंत मोजतात तो फ्रेमचा आकडा, आणि तुमच्या उंचीला तो साधारण ५० सेंटिमीटर हवा. ५७ ची सायकल तुम्हाला भरपूर दिसतील, स्वस्तही मिळतील, पण सिग्नलला थांबताना दरवेळी उडी मारून उतरावं लागेल. मोठ्या मुलांची २६ इंची चाकाची सायकलही चालते, त्यात लाज कसली. शिवाय सीट आपल्या सवयीपेक्षा थोडी वर ठेवा. आपण दोन्ही तळवे जमिनीला टेकतील अशी ठेवतो आणि मग गुडघे दुखतात म्हणतो. चवडे टेकले की पुरे.

ब्रेक बघून दचकाल. साध्या ओमाफीट्सच्या हँडलला ब्रेकची लिव्हरच नसते, निदान मागच्या चाकाची तरी नसते. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. सगळं यंत्र हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यभागाच्या, आत, त्यामुळे पावसात रबर घसरायचा प्रश्न नाही आणि केबल तुटायचाही नाही. दोन दिवसांत सवय होते. एक गोष्ट मात्र सवयीत बसायला वेळ लागतो. आपण सिग्नलला थांबलो की पायडल मागे फिरवून पायाखाली घेतो, इथे ते मागे फिरतच नाही. मग हिरवा लागला की पायडल तळाशी, तुम्ही जागच्या जागी लटपटताय आणि मागे घंट्यांचा गजर. थांबतानाच उजवं पायडल वरच्या बाजूला येईल असं थांबायचं. चुकलंच तर मागचं चाक जरा उचलून पायडल पुढे फिरवून वर घ्यायचं. शक्य असेल तर पुढच्या चाकाला हँडब्रेक असलेली घ्या. चेन तुटली तर पायाचा ब्रेक गेला, मग हाताचाच आधार.

गिअर घ्यायचे की नाही हे घर कुठे मिळतं त्यावर. डेल्फ्टमध्येच राहणार असाल तर विनागिअरची पुरते. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ठाणे स्टेशन ते कापूरबावडी एवढं, आणि चढ म्हणाल तर कालव्यांवरच्या पुलांचा. पण खोल्यांची टंचाई असते, पुष्कळ मुलं रायस्वाइक नाहीतर हेगमध्ये राहतात. तसं झालं तर तीन गिअरची घ्या, कारण तिथला घाट म्हणजे वारा. समुद्र जवळ, मध्ये सगळं सपाट, अडवायला काही नाही. समोरून वारा असला की दहा किलोमीटर संपता संपत नाहीत. गिअर हबमधले घ्या, बाहेर चेन सरकवणारे नकोत. एक तर हबचे गिअर उभ्या सायकलवरही बदलतात. दुसरं म्हणजे स्टँडमध्ये सायकली इतक्या दाटीने कोंबतात की बाहेरचा गिअर शेजारच्या पायडलला अडकून वाकतो. मग तो जपानी असला तरी दुरुस्तीचं बिल डचच येतं.

नवी घेऊ नका. वापरलेली, दुकानातून, शंभर ते दोनशे युरोच्या आसपास, आणि दुकानदार थोड्या महिन्यांची हमी देतो का विचारा. मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या साइटवरही मिळते. शिकून परत जाणारी मुलं जून-जुलैत विकतात तेव्हा भाव उतरलेले असतात. ऑगस्टअखेर नव्या बॅचची झुंबड उडते आणि तीच सायकल महागते. ओळखीच्या सीनिअरकडून आधीच बोलून ठेवता आली तर सोनं. रस्त्यात किंवा स्टेशनबाहेर कुणी वीस-तीस युरोला देऊ केली तर ती चोरीची, यात शंका धरू नका. चोरीची असल्याचा अंदाज यायला हवा होता अशी वस्तू घेणं हाही तिथे गुन्हा आहे. फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, सीटच्या नळीवर किंवा खाली कण्यापाशी. डच पोलिसांच्या स्टॉपहेलिंग या साइटवर तो टाकून बघा. नंबर घासून काढलेला दिसला तर तिथूनच वळा.

घेताना काय बघायचं तेही सांगते. मागचं चाक उचलून फिरवा आणि मडगार्डच्या काठाशी रिम बघत राहा. डावी-उजवीकडे लचकत असेल तर चाक आउट आहे. थोडं असेल तर स्पोक आवळून निघतं, जास्त असेल तर पैसे कमी करायला सांगा. चेनच्या डब्यातून खडखड येते का ऐका, येत असेल तर चेन सैल झालीय. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलं. टायरच्या बाजूला बारीक भेगा असतील तर टायरचे पैसे मनात धरून भाव करा. आणि दुकानाच्या दारात नाही, रस्त्यावर चालवून बघा, दोनदा जोरात उलटं दाबून.

कुलपाला हात आखडू नका. शंभराची सायकल आणि पन्नासचं कुलूप हा तिथे सरळ हिशोब आहे. मागच्या चाकाला गोल कुलूप बहुधा असतंच, आपल्या जुन्या सायकलींना असायचं तसंच. उघडं असताना त्याची किल्ली निघत नाही, म्हणून हरवतही नाही. पण नुसतं तेच लावलं तर दोघं जण सायकल उचलून टेम्पोत टाकतात. त्यात खुपसायची जाड साखळी मिळते, ती फ्रेममधून काढून खांबाला किंवा कठड्याला घाला. कुलपावर एआरटी या डच तपासणी संस्थेचे तारे छापलेले असतात, दोन तारे तरी हवेत. सायकलचा विमा काढणारेही तेच मागतात.

स्टेशनचं थोडं. डेल्फ्ट स्टेशनखाली मोठा सायकलतळ आहे, पहिले २४ तास फुकट. (उट्रेख्टला तर एका तळात १२,५०० सायकली मावतात, ठाणे स्टेशनबाहेर स्कूटर लावायला जागा शोधणाऱ्या माणसाने ते एकदा बघून यावं.) बाहेर मोकळ्या जागेत, रॅक सोडून लावली तर नगरपालिका उचलून डेपोत नेते आणि सोडवायला पैसे पडतात. दुमजली रॅक असतात. वरचा खण बाहेर ओढून खाली झुकवायचा, पुढचं चाक त्यात चढवायचं आणि मग सगळं रेटून आत ढकलायचं, वीस किलोसकट. आपल्यासारख्यांनी खालचाच खण शोधावा, त्यासाठी पाच मिनिटं आधी निघावं. आणि हँडलपुढे लावतात तो प्लॅस्टिकचा क्रेट दिसायला छान, पण रुंद असेल तर त्या खणात मावत नाही. त्यापेक्षा कॅरिअरवर दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी घ्या, आठवड्याचा बाजार मावतो.

एवढा खटाटोप नको असेल तर महिन्याच्या भाड्याची सायकल आहे. स्वाॅपफीट्स ही कंपनी २०१४ साली डेल्फ्टच्याच विद्यार्थ्यांनी काढली. पुढचं टायर निळं, लांबूनच ओळखू येते. दुरुस्ती त्यांच्याकडे. दोन वर्षांचा हिशोब केला तर जुनी सायकल स्वस्त पडते, पण पहिले दोन-तीन महिने, गावाचा आणि स्वतःच्या पायांचा अंदाज येईपर्यंत, भाड्याची घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. खासकरून तुम्ही इतक्या वर्षांनी बसताय म्हणून.

निघायच्या आधी घराजवळच्या पंक्चरवाल्याकडे तासभर बसा. खरंच सांगतेय. तिथे पंक्चरला जे घेतात त्यात इथे महिनाभर चहा होतो. आणि चेनचा डबा, हबचा ब्रेक यांमुळे ओमाफीट्सचं मागचं चाक सोडवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, म्हणून डच लोकही चाक न काढताच पंक्चर काढतात. टायर एका बाजूने उचकटून ट्यूब ओढायची, हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, काळ्या खरखरीत कागदाने घासायचं, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं आणि मग ठिगळ दाबायचं. आपला पंक्चरवाला नेमकं हेच करतो. सोल्यूशन सुकेपर्यंत थांबणं, एवढंच त्याच्याकडून शिकलात तरी पैसे वसूल. हवा भरायचा वॉल्व्हही तिथे बहुतेक आपल्या जुन्या काळ्या सायकलीचाच.

दिव्यांशिवाय अंधारात चालवलं तर दंड. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, आणि लुकलुकणारा चालत नाही. कपड्याला अडकवायचे छोटे दिवे छातीवर आणि पाठीवर चालतात, डोक्यावर चालत नाहीत. मोबाइल हातात घेऊन चालवायला १ जुलै २०१९ पासून बंदी आहे. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग तुमच्याकडे टोक करून दिसली की वाट द्यायची, आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याचा हक्क पहिला. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती सायकल असली तरी. घोडबंदर रोडवर वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं.

सराव ठाण्यातच करा. सकाळी सहाला उपवनच्या तळ्याकाठी रस्ता मोकळा असतो. एक हात सोडून चालवायला शिका, कारण वळताना हात दाखवावा लागतो, आणि मागे वळून बघताना सायकल वाकडी जाणार नाही इतकं जमलं की झालं. आणि मैत्रिणीला मागे बसवून बघा. डबलसीट तिथे कायदेशीर आहे, कॅरिअर तेवढा मजबूत हवा. फक्त मागचा माणूस आधी बसत नाही. सायकल चालू झाली की शेजारून धावत येऊन एका बाजूने टुणकन उडी मारून बसतो, आणि तेव्हा हँडल सरळ धरणं तुमच्याकडे असतं.